१९३२ ची फोर्ड हॉट रॉड: फ्लॅटहेडच ठेवायचं की शेव्ही ३५० बसवायचं?

गॅस्केटराव
वाद जुनाच आहे, पण यावेळी एकच गाडी समोर ठेवून घालू या. १९३२ ची फोर्ड, जुन्या कॅलिफोर्नियन धाटणीची: मडगार्ड काढलेली, १९३९ चा तीन गिअरचा बॉक्स, बंद टॉर्क ट्यूब (प्रॉपेलर शाफ्टभोवतीची नळी), मागे बँजो (मधोमध गोल पेटीचा) अ‍ॅक्सल. इंजिन १९४९ चं ८बीए (फोर्डचा मॉडेल कोड) फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्येच असलेलं, २३९ घनइंच, मुळात १०० अश्वशक्तीचं. आता ब्लॉकला चीर निघाली आहे.
माझं मत: ते बाहेर काढा आणि स्मॉल ब्लॉक शेव्ही ३५० (शेव्हरोलेचं ३५० घनइंची व्ही-८) बसवा. फ्लॅटहेडचा दोष घडणीतच आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आणि जळालेला गॅस पाण्याच्या जॅकेटमधून वाट काढत बाहेर. मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच पोर्ट, म्हणजे चार सिलिंडरांमागे तीन तोंडं. तापणार नाही तर काय? क्रँकला मेन बेअरिंग तीन, शेव्हीला पाच. वर ३५० चे पार्ट अमेरिकेत कुठल्याही गावात मिळतात.

बँजो
चीर म्हणजे कुठली चीर? सगळं त्यावर आहे. पाण्याच्या भोकापासून हेडच्या स्टडपर्यंत गेलेली बारीक रेघ असंख्य चालत्या फ्लॅटहेडांत सापडेल, तिने लगेच काही बिघडत नाही. व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरपर्यंत गेलेली असेल तर मात्र काम आहे: चिरेवर एकात एक अडकणाऱ्या पिना, सिलिंडरला स्लीव्ह (आतून बसवायची लोखंडी नळी), नवीन सीट. ब्लॉक पूर्ण उघडा करून मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने चीर शोधणं) आणि प्रेशर टेस्ट केल्याशिवाय निकाल देऊ नका.
तापण्याचं म्हणाल, तर आधी जॅकेट साफ करा. ओतकामातली वाळू आणि सत्तर वर्षांचा गंज तळाशी घट्ट बसलेला असतो. नुसत्या अ‍ॅसिडने तो निघत नाही, तार घालून खरवडावा लागतो. हे न करता मोठा रेडिएटर लावणारे पुष्कळ, आणि गाडी तापतेच म्हणून इंजिनाला शिव्या घालणारेही तेच.
ताकद हवी? मर्क्युरीचा ४ इंच स्ट्रोकचा क्रँक या ब्लॉकमध्ये बसतो, मूळचा ३¾ आहे. बोअर ३ ५/१६ केला की २७६ घनइंच होतात. फक्त बोअर वाढवण्याआधी भिंतीची जाडी सोनिक टेस्टने (ध्वनिलहरींनी) मोजा. ओतताना कोअर (आतला साचा) सरकलेल्या ब्लॉकमध्ये एक बाजू कागदासारखी निघते.

कॅमशाफ्ट
एवढा खर्च करून मिळणार किती? साध्या ३५० ला त्याच पैशांत दुप्पट जोर आहे. बसवताना मात्र या गोष्टी बघा, सगळे इथेच अडकतात.
डिस्ट्रिब्युटर मागे आहे. मोठ्या टोपीचा एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाला डिस्ट्रिब्युटर) ३२ च्या फायरवॉलला भिडतो, तेव्हा छोट्या टोपीचा घ्या म्हणजे फायरवॉल कापावी लागणार नाही. वॉटर पंप आखूड घ्या, लांब पंपापेक्षा दीडेक इंच वाचतो. पण पुल्याही त्याच जोडीच्या हव्यात, सरमिसळ केली की बेल्ट तिरका धावून फेकला जातो. डाव्या बाजूला स्टिअरिंग बॉक्स आड येतो, तिथे ट्यूबचे हेडर (एक्झॉस्टचे पाइप) जात नाहीत. रॅम्स हॉर्न हा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जातो.
१९८५ पर्यंतच्या ३५० ला मागचं मेन सील दोन तुकड्यांचं, १९८६ पासून एका तुकड्याचं. क्रँकच्या मागच्या बोल्टांचं वर्तुळ वेगळं, आणि नव्याच्या फ्लायव्हीलवर तोलाचं वजन असतं. म्हणून इंजिनाचं साल पक्कं ठाऊक असल्याशिवाय फ्लायव्हील घेऊ नका. स्टार्टरचे बोल्टही फ्लायव्हीलच्या दातांवर ठरतात: १५३ दातांना सरळ, १६८ ला तिरके.
कॅम फ्लॅट टॅपेट (रोलर नसलेला) असेल तर झिंकवालं ऑइल भरा. नवीन कॅमवर इंजिन पहिल्यांदा पेटलं की लगेच २००० आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच खेळतं ठेवा. त्यावेळी ते आयडलवर सोडलंत तर कॅमचा लोब गेलाच समजा.

बँजो
इंजिन बसलं. पुढे? या फोर्डमध्ये मागची चाकं गाडीला ढकलतात ती टॉर्क ट्यूबमधून. तो रेटा गिअरबॉक्सवर, तिथून माउंटांवर आणि मग चासीवर जातो. शेव्हीचे बाजूचे रबरी माउंट त्यासाठी केलेलेच नाहीत. अ‍ॅडॅप्टर लावून ३९ चा बॉक्स ठेवलात तर आधी गिअरचे दात जातील, नाहीतर अ‍ॅक्सलच्या टेपरवरची चावी तुटेल.
म्हणजे टी-५ हा पाच गिअरचा बॉक्स, उघडा प्रॉपेलर शाफ्ट, मागे फोर्डचा ८ किंवा ९ इंची अ‍ॅक्सल, आणि चासीचा के-मेंबर (मधला आडवा सांगाडा) कापायचा. पुढचा आस धरणाऱ्या विशबोन दांड्याचा गोळाही मागे मधोमध अडकलेला, म्हणून तीही चिरून दोन्ही रेलांना बांधायची. ब्रेक १९३९ नंतरचे हायड्रॉलिक बसवलेले असले तरी मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

कॅमशाफ्ट
हे सगळं करायचंच असतं हो, त्यात नवीन काय? टी-५ लावताना बेलहाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं आवरण) डायल गेज लावून बघा. वाचनाच्या निम्मं ५ थाऊच्या (इंचाच्या हजारांश भागांच्या) आत हवं, नाहीतर ऑफसेट डॉवेल (केंद्र सरकवणाऱ्या पिना) घाला. इनपुट बेअरिंग उगाच ओरडत नाही. इंजिन मागे ३ अंश खाली झुकलेलं असेल तर पिनियन तेवढंच वर ठेवा, दोन्ही रेषा समांतर राहिल्या की थरथर नाही.

सहा_व्होल्ट
फोर्डमध्ये शेव्हीच का? फोर्ड ३०२ व्ही-८ चा डिस्ट्रिब्युटर पुढे आहे, फायरवॉलची कटकट मिटते. दोन खाचखळगे तेवढे सांभाळा. १९८० पर्यंतच्या ३०२ ला बाहेरचा तोल २८ औंस, १९८१ पासून ५०. चुकीचा डॅम्पर किंवा फ्लायव्हील लागला तर इंजिन हादरून हादरून बेअरिंग खातं. आणि फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) दोन आहेत, ५.० एचओची (३०२ चीच जोरदार आवृत्ती) फोर्ड ३५१ प्रमाणे आहे, ती कॅम बघूनच लावा. ऑइल संप बहुतेकदा पुढे असतो, क्रॉसमेंबर आड येत असेल तर मागचा संप आणि त्याचाच पिकअप (तेल ओढणारी नळी) घ्या.
वायरिंग मात्र तिन्ही पर्यायांत बघा: जुनी फोर्ड सहा व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ.

जुनी_मॉरिस
हे वाचून इथे कुणाचे हात शिवशिवत असतील तर: भारतात २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. ३५० टाकलेली गाडी त्यात बसणार नाही.

गॅस्केटराव
टेस्ट झाली. एका सिलिंडरला सीटपासून बोअरपर्यंत चीर, शिवाय दोन स्टडांकडे.

बँजो
मग इंजिन कशाला बदलता? स्टडांकडच्या दोन सोडून द्या. उरलेल्या एकीला पिना आणि स्लीव्ह. तेही नको असेल तर दुसरा ब्लॉक शोधा, पण ५९ सिरीजचा (आधीच्या घडणीचं फ्लॅटहेड) मिळाला तर अर्धं बेलहाउसिंग त्याच्यातच ओतलेलं असतं, ३९ चा बॉक्स थेट लागतो. ८बीएच घेतलात तर सध्याचं पिकअप ट्रकचं बेलहाउसिंग आणि माउंटवाले वॉटर पंप भंगारात टाकू नका, तेच परत लागतील.

कॅमशाफ्ट
स्लीव्ह बसवणारा फ्लॅटहेड जाणणारा असेल तर ठीक. नाहीतर सहा महिन्यांनी याच प्रश्नावर पुन्हा भेटू, ३५० चे माउंट मी सांगेन.