नवा डॅक ठेवू की परत करू? फरक खरा की भास? (मदत हवी आहे, शनिवारपर्यंतच मुदत)

रियाजघर
गेल्या रविवारी अठरा हजारांचा डॅक (लॅपटॉपमधल्या डिजिटल गाण्याचा अँपला चालणारा सिग्नल करणारी पेटी) घेतला आणि सोबत साडेतीन हजारांची जाड स्पीकर वायर. दुकानात लावून दाखवलं तेव्हा आवाज एकदम खुलला होता. घरी पहिल्या रात्रीही तसंच वाटलं, तंबोऱ्याची जवारी सुटी सुटी ऐकू येत होती. आता चार दिवसांनी काहीच कळेनासं झालंय. बायको म्हणते, होतं तसंच आहे. फरक खरा आहे का, हे घरच्या घरी कसं ठरवायचं? लवकर सांगा.

खमाज
अँप (अँप्लिफायर) कुठला, स्पीकर कुठले, खोली केवढी? आधी कशावर ऐकत होता? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

चाळीसफुटी
टीव्हीला जोडायचं असेल तर एचडीएमआयच्या एआरसी पोर्टमधून साउंडबारला द्या, एकाच रिमोटवर काम होतं. आम्ही तेच केलंय.

रियाजघर
टीव्हीचा संबंध नाही. अँप जुनाच, स्पीकर जुनेच. प्रश्न फक्त डॅकचा आहे.

काळी पेटी
वायरचा फरक शंभर टक्के पडतो. मी आजवर तीनदा बदलली, दर वेळी आवाजात मोकळेपणा आला. नवी वायर रुळायला वेळ लागतो, घाई करू नका.

सोल्डरगन
वायर रुळत नाही हो, कान रुळतो. साध्या १६ गेजच्या तांब्याच्या वायरचं गणित करा: तीन मीटर जाऊन तीन मीटर येऊन साधारण ०.०८ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे ते एक टक्का. त्यासाठी साडेतीन हजार घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

काळी पेटी
आकडे ऐकू येत नाहीत, गाणं ऐकू येतं.

खमाज
तुमचं दोघांचं नंतर चालू द्या. धागाकर्ते, आधी कशावर ऐकत होता?

रियाजघर
लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून वायर थेट अँपच्या ऑक्स इनपुटला. आता यूएसबीतून डॅक आणि तिथून अँप. हॉल दहा बाय बारा, खाली टाइल्स.

सोल्डरगन
मग इथेच पाणी मुरतंय. डॅकच्या लाइन आउटला साधारण २ व्होल्ट निघतात, लॅपटॉपच्या जॅकला बहुधा त्याच्या निम्मे. दुप्पट व्होल्ट म्हणजे ६ डेसिबल जास्त. तुम्ही नॉब तसाच ठेवून ऐकलं असणार. मोठा आवाज कानाला बहुतेक वेळा जास्त चांगला वाटतो, बास भरलेला आणि बारकावे उघडे. मोठ्या आवाजाची आणि चांगल्या आवाजाची गल्लत मी स्वतः अनेक वर्षं केली.

असं करा. डॅकची आणि जॅकची वायर अँपच्या वेगवेगळ्या इनपुटला लावा. १०० हर्ट्झचा टोन वाजवा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. प्लेअरमध्ये डॅकचा आवाज कमी करत दोन्ही आकडे एक टक्क्याच्या आत आणा. अँपच्या नॉबला हात लावायचा नाही. मग घरातल्या कुणाला तरी तुमच्यामागे बसवून तेच वीस सेकंद दहा वेळा लावायला सांगा, कधी डॅक तर कधी जॅक. नाणं उडवून ठरवू दे. तुम्ही फक्त लिहायचं. दहापैकी नऊ बरोबर आले तर डॅक ठेवा. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा जास्त यायची शक्यता जेमतेम एक टक्का. पाच-सहा आले तर परत.

काळी पेटी
वीस सेकंदांत राग कळतो का? महिनाभर ऐका, मग डॅक काढून बघा. जे हरवल्यासारखं वाटेल तो फरक.

खोली आधी
बारा फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास बास फुगतो. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर एक हात पुढे ओढा, जाड सतरंजी टाका. एवढ्याने जो बदल होतो तो कुठल्याच डॅकने होत नाही.

लॅमिंग्टनकर
आमच्या वेळी मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानात शांत बसून कॅसेट पूर्ण ऐकू देत. आता खोक्यावरूनच घ्यायचं.

रियाजघर
काल रात्री केलं. मुलगा मागे बसला होता. दहापैकी सहा. तंबोरा दोन्हीकडे तसाच. सगळ्यांचे आभार, आज परत करतो. फक्त एक राहिलं: नवी वायर टाकल्यापासून डग्गा पातळ झालाय. घुमारा जातोच, नुसती थाप ऐकू येते. हाही भासच का?

सोल्डरगन
हे आधी सांगायला हवं होतं! वायर पारदर्शक आहे का? दोन्ही तारा सारख्याच दिसतात, एकीवर फक्त बारीक रेघ असते. एका स्पीकरला लाल-काळं उलटं लागलं असणार. एक वूफर (बासचा पडदा) पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, बास एकमेकांत मरतो. अँप बंद करून एकाच स्पीकरच्या तारा अदलाबदल करा.

रियाजघर
डाव्या स्पीकरची रेघेची तार काळ्याला होती. बदलली. डग्गा आला! गायकही दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये येऊन बसला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, आता काय बदललंस?

खमाज
ती दहाची चाचणी मात्र परत घ्या. उलट्या वायरीवर झाली होती. शनिवार उद्या आहे.