मदत हवी आहे: इंजिनाखालचा अंडरट्रे (तळ झाकणारे आवरण) काढल्याने स्पोर्ट्स कार खरोखर थंड राहते का?

माझ्या स्पोर्ट्स कारचे इंजिन व रेडिएटर दोन्ही पुढे आहेत. रस्त्यावर कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान ९० अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर असते. ट्रॅकवर मात्र सलग वेगात फेऱ्या मारल्या की ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या उपकरणावर) ते ११० च्या पुढे जाते आणि एक फेरी सावकाश मारली की पुन्हा उतरते. (डॅशबोर्डवरचा काटा तेव्हाही मध्यावरच असतो, त्याचा काही उपयोग नाही.)

थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे झाकण नवे आहे, कूलंट बदलून त्यातली हवा काढली आहे, एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचलेला पालापाचोळा आणि टायरच्या रबराचे कण साफ केले आहेत, पंखा वेळेवर फिरतो आणि हेड गॅस्केटही (इंजिनाच्या वरच्या भागाच्या सांध्यातले सील) तपासून घेतले आहे. एसी बंदच असतो.

गरम हवेला खालून वाट मिळावी म्हणून अंडरट्रे काढण्याचा सल्ला अनेकजण देतात. गाडी उभी असताना ते पटते. पण वेगात रेडिएटरमधून हवा जाते ती त्याच्या मागे दाब कमी असतो म्हणून, आणि ट्रे नसल्यास गाडीखालची हवा इंजिनाच्या कप्प्यात शिरून तोच दाब वाढवेल, अशी मला शंका आहे. शिवाय गाडी रोजच्या वापरात असल्याने बेल्ट व अल्टरनेटरला पाणी-खडीपासून संरक्षण हवे, आणि गरम हवा वरून सोडण्यासाठी बॉनेट कापायचे नाही.

ट्रेसह आणि ट्रेविना, एकाच हवामानात कूलंटचे तापमान कोणी मोजून पाहिले आहे का, आणि ट्रे ठेवून त्याच्या मागच्या भागात मागे तोंड असलेल्या तिरप्या फटी (लूव्हर) पाडल्यास फरक पडतो का?