शैक्षणिक कर्जाचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता अडकलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी भाची राज्याबाहेरच्या एका विधी विद्यापीठात बीए एलएलबी करते आहे, पाच वर्षांचा अभ्यासक्रम. गेल्या वर्षी पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या पोर्टलवर अर्ज केला आणि एका सरकारी बँकेच्या तालुक्यातल्या शाखेने ११ लाखांचं कर्ज मंजूर केलं. तारण नाही, जामीनदार नाही. दाजींची साडेतीन एकर कोरडवाहू. सातबाऱ्यावर बोजा न चढवता पोरगी वकील होईल, म्हणून ताईने गल्लीत पेढे वाटले होते. पहिल्या वर्षाची फी बँकेने थेट विद्यापीठाला पाठवली.

आता दुसरं वर्ष. फीची शेवटची तारीख १५ जुलै. बँक म्हणते, आधी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणा. विद्यापीठ म्हणतं, निकाल जुलैअखेर लागेल, फी मात्र तारखेच्या आत हवी, नाहीतर दंड. दाजी चार खेपा मारून आले. दर खेपेला पंचवीस किलोमीटर आणि दर खेपेला नवा कागद: कधी फीचं मागणीपत्र, कधी बोनाफाईड, कधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. पैसे कशामुळे थांबलेत हे लिहून कोणी देत नाही. पोर्टलवर आमच्या अर्जापुढे नुसतं ‘मंजूर’ दिसतं.

परवा ताईचा फोन आला. दाजींनी आडत्याकडे शब्द टाकलाय, शेकडा तीनने. महिन्याला! ऐकल्यापासून झोप नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, निकालाआधी हप्ता सोडवून घेता येतो का? कोणी घेतलाय का?

दुसरी, मला केंद्राच्या उच्च शिक्षण विभागाला सूचना पाठवायची आहे. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या काळातलं व्याज सरकार भरतं, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर व्याजात तीन टक्के सवलत आहे, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के पतहमी (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी) आहे. व्याजाचा विचार इतका बारकाईने केलाय, पण पैसे फीच्या दिवशी पोचतात की नाही हे कोणी बघतं का? योजनेच्या सुरुवातीच्या यादीत ८६० संस्था होत्या. तेवढ्या संस्थांकडून पाचही वर्षांच्या फीच्या तारखा पोर्टलवर भरून घेणं अवघड नाही. हप्ता थांबला तर कारण तिथेच दिसावं. निकाल बाकी असेल तर ‘परीक्षा दिली आहे’ हे विद्यापीठाचं पत्र पुरावं. यात काय सुधारू?

प्रतिसाद १

मी बँकेतून निवृत्त झालो. मंजुरीपत्रातल्या अटी आधी नीट वाचा. तिथे ‘समाधानकारक प्रगती’ असं काही लिहिलं असेल तर कुलसचिवांचं पत्र चालू शकतं, शाखाधिकाऱ्याला वरिष्ठांना विचारावं लागेल इतकंच. म्हणून तोंडी बोलणं बंद करा. अर्ज लिहा, सोबत पत्र आणि मागणीपत्र जोडा, आवक शिक्क्यानिशी पोच घ्या, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला मेल करा. जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकालाही भेटा. लोकांना हे पद माहीतच नसतं, पण जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांशी त्यांचा रोजचा संबंध असतो. बँकेने ३० दिवसांत तक्रारीला उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. तुमच्या तारखेला ते पुरणार नाही, पण पोच आजच हातात हवी.

प्रतिसाद २

विद्यापीठाकडेही मुदत मागा. माझ्या मुलाच्या वेळी मंजुरीपत्राची प्रत आणि हमीपत्र दिल्यावर लेखा विभागाने तीन आठवडे दिले होते, दंडही लावला नाही. अर्ज मुलीनेच करावा. आणि दाजींना आजच फोन करा, आडत्याकडे सही करू देऊ नका.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. दाजींशी बोललो, ते थांबलेत. भाचीने मुदतीचा अर्ज आज दुपारी दिला, कुलसचिवांचं पत्र उद्या मिळेल म्हणते. सोमवारी रजा काढून मी स्वतः शाखेत जातोय. सूचनेत आता अग्रणी बँकेचंही घालतो: हप्ता तारखेच्या दहा दिवस आधी सुटला नसेल तर पोर्टलनेच त्यांना कळवावं. बँकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा कोणाकडे असेल तर इथे टाकाल का?