नेपाळला घरं बांधायला स्वयंसेवक म्हणून जायचंय: गेलेल्यांनी सांगाल का?

वाटसरू

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसातल्या आठ-दहा जणांनी येत्या हिवाळ्यात नेपाळला जायचं ठरवलंय. एक संस्था तिथे डोंगराळ भागातल्या कुटुंबांना घरं बांधून द्यायला मदत करते, त्या कामावर साधारण दोन आठवडे राहायचं. प्रवासखर्च आपला, शिवाय प्रत्येकी काही रक्कम बांधकामाच्या साहित्यासाठी द्यायची. आमच्यातल्या एकानेही आजवर थापी हातात धरलेली नाही.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर नव्वदी ओलांडल्यावरही हातोडा घेऊन अशा कामांवर जायचे, हे वाचल्यापासून मनात होतं. पण तारीख जवळ यायला लागली तसे प्रश्न पडायला लागलेत. आमचा तिथे खरंच उपयोग होईल का, की त्या लोकांना आम्हालाच सांभाळत बसावं लागेल? आणि जे जाऊन आलेत, त्यांना यातून नेमकं काय मिळालं? 'जगण्याकडे बघण्याची दृष्टी बदलली' असं खूप ठिकाणी वाचलं. नेमकी कशी बदलली, ते कुणी सांगत नाही.

हिशेबी

तुमची भावना चांगली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. दहा जणांचं विमानभाडं, राहणं, खाणं यांची बेरीज करा. तेवढ्या पैशांत तिथल्या प्रशिक्षित गवंड्याला कित्येक महिने काम मिळेल आणि तो तुमच्यापेक्षा कितीतरी चांगली भिंत उभी करेल. पैसे पाठवा. जायचंच असेल तर पर्यटक म्हणून जा, त्यानेही तिथल्या लोकांना चार पैसे मिळतात.

दगडमाती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वय पन्नाशीच्या पुढे. २०१५ च्या भूकंपानंतर घरं पुन्हा उभी राहत होती, त्या काळात नुवाकोट जिल्ह्यातल्या एका गावात हे काम केलंय. नंतरही त्या भागात जाणं होत राहिलं. हिशेबी यांचा मुद्दा टाळून पुढे जाणं बरोबर नाही, म्हणून आधी तोच.

रुपयामागे किती दगड रचले जातात एवढंच पाहायचं असेल तर त्यांचं म्हणणं खरं आहे. पण तिथे तेव्हा अडचण नुसत्या पैशाची नव्हती. पूर्ण पडलेल्या घरामागे सरकारने तीन लाख नेपाळी रुपये देऊ केले होते, म्हणजे आपले १,८७,५००. तेही तीन हप्त्यांत. आधी पन्नास हजार, जोतं इंजिनियरने पास केलं की दीड लाख, आणि भिंती छताखालच्या आडव्या पट्ट्यापर्यंत नीट चढल्या की उरलेले एक लाख. देशभरात लाखो घरं एकाच वेळी बांधायची होती, आणि गावातले धडधाकट पुरुष कतारला, मलेशियाला, सौदीला. गवंडी मिळायचा नाही. मिळालाच तर त्याच्या हाताखाली दगड, माती, पाणी पुरवायला माणसं नसायची, आणि गवंड्याचा अर्धा दिवस स्वतःच दगड आणण्यात जायचा.

नेपाळच्या डोंगरांत 'पर्म' नावाची जुनी रीत आहे. आज मी तुझ्या शेतावर किंवा घरावर राबायचं, उद्या तू माझ्या. पण आम्ही ज्या घरावर काम केलं तिथे होत्या सासू, सून आणि दोन शाळकरी मुलं. मुलगा मलेशियात. सगळ्या गावाचीच घरं पडलेली असताना त्यांच्यासाठी राबायला कोण येणार, आणि आलंच तर या दोघी त्याची फेड कधी करणार? ज्यांना श्रमाची परतफेड जमत नाही अशी घरं मागे राहतात. बाहेरच्या हातांना तिथे काम आहे असं मला मनापासून वाटतं. गवंड्याची जागा घ्यायला जायचं नाही. तो दिवसभर फक्त गवंडीकामच करू शकेल, एवढं आपण पाहायचं.

आमचे गवंडी, म्हणजे डकर्मी दाइ, माझ्याहून वयाने लहान होते. तरी मी त्यांना दाइ, म्हणजे दादा, म्हणायचे, ते मला दिदी, म्हणजे ताई. भूकंपानंतरचं प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं. तिथली जुनी घरं दगड आणि मातीच्या गाऱ्यातली, भिंत दीड-दोन फूट जाड. बाहेरून भक्कम दिसते, पण आत दगडांचे दोन पडदे असतात आणि मधे बारीक दगडांची भर. जमीन हलली की ते दोन पडदे एकमेकांपासून सुटतात, एक आत कोसळतो, एक बाहेर. म्हणून नव्या पद्धतीत दर दोन फूट उंचीला आणि आडवे साधारण चार-चार फुटांवर भिंतीच्या पूर्ण जाडीचा एकसंध दगड घालतात, जो दोन्ही पडद्यांना धरून ठेवतो. असे लांब दगड ढिगाऱ्यात मोजकेच सापडतात. आमचं मुख्य काम तेच होतं: पडलेल्या घराचा ढिगारा उपसायचा, दगड निवडायचे, लांब दगड बाजूला काढून ठेवायचे. फोटोत दाखवावं असं त्यात काही नव्हतं.

एकदा आमच्यातल्या उत्साही मुलांनी दाइ जेवायला गेले असताना दोन थर रचून टाकले. दिसायला छान होते, दर्शनी बाजू एका रेषेत. दाइंनी ओळंबा लावला, मग वरून भिंतीच्या आत पाहिलं आणि काही न बोलता सगळं उतरवलं. आरपार दगड एकही नव्हता. मुलं हिरमुसली. संध्याकाळी दाइंनी त्यांना शेजारच्या अर्धवट पडलेल्या घराकडे नेलं आणि फाटलेली भिंत दाखवली. त्यानंतर कुणी त्यांना न विचारता दगड ठेवला नाही. वाटसरू, उपयोग की ओझं, याचं माझं उत्तर यातच आहे. गवंड्याच्या हाताखाली मुकाट्याने काम करायची तयारी असलेली माणसं उपयोगी पडतात. शिकलेली, पगारदार, मोठ्या हुद्द्यावरची मंडळी हे किती पटकन स्वीकारतात, त्यावर बाकी सगळं ठरतं.

आता दृष्टी नेमकी कशी बदलली ते. माझा व्यवसाय मणक्यांचा, त्यामुळे माझं लक्ष सतत तिथल्या बायकांच्या पाठीकडे. डोको नावाच्या बांबूच्या टोपलीत दगड भरायचे, नामलो म्हणजे पट्टा कपाळावर घ्यायचा, आणि चढ चढायचा. लहान पावलं, मान स्थिर, थांबायचं ते टोपली काठीवर किंवा बांधावर टेकवून. पहिल्या दिवशी माझ्या तोंडावर सूचना तयार होत्या. पण थोडा वेळ पाहिल्यावर लक्षात आलं की या शरीराला काय झेपतं ते त्यांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. मी विचारायला लागले: दुखतं कुठे, कधी दुखतं, दुखल्यावर काय करता? आमांनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगितलं की गुडघे दुखतात ते चढताना नाही, रिकाम्या टोपलीने उतरताना. मग उतारावर काठी कशी धरायची ते आम्ही दोघींनी मिळून बसवलं. माझ्या दवाखान्यात आजही मी रुग्णाला आधी अर्धा तास नुसतं बोलू देते, त्याची सुरुवात तिथली आहे.

आणि मका. घराचा आराखडा मंजूर यादीतला, छोटा, एकमजली, वर पत्रा. रीतसर आणि सुरक्षित. जोत्याची आखणी चालू असताना दिदी, म्हणजे सून, फक्त एवढंच म्हणाली की मका कुठे ठेवायचा? जुनं घर माळ्याचं होतं. खाली चूल, वर झोपायचं, आणि सगळ्यात वर बुइँगलमध्ये धान्य, जिथे चुलीचा धूर पोचून ते कोरडं राहायचं. नव्या घरात वर काही नाहीच. आमच्यापैकी कुणालाही हा प्रश्न सुचला नव्हता. त्या भागात हप्ते मिळावेत म्हणून लोकांनी अशी एक-दोन खोल्यांची घरं बांधली, आणि नंतर धान्य, जनावरं, चूल यांच्यासाठी बाजूला पत्र्याच्या शेड उभ्या केल्या, असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं. आम्ही इंजिनियरला बोलावलं. भिंतीवर जास्त भार न येता पत्र्याखाली हलका लाकडी माळा बसवता येईल, असं त्याने सुचवलं आणि दाइंनी तो बसवला. दिदीने तो प्रश्न मोठ्याने विचारला नसता, तर एका कुटुंबाचं वर्षाचं धान्य ओलीत राहिलं असतं. तेव्हापासून कुठल्याही मदतीच्या कामात मी पहिल्यांदा घर चालवणाऱ्या बाईला गाठते.

ओळंबा

मी सिव्हिल इंजिनियर. दगडमाती ताईंनी आरपार दगडाचं फार नीट सांगितलंय, त्यात पट्ट्यांची भर घालतो. जोत्यावर, खिडकीच्या खाली, दाराखिडक्यांच्या वर आणि छताखाली, अशा पातळ्यांवर काँक्रीटचे किंवा लाकडाचे आडवे पट्टे चारही भिंतींवरून अखंड फिरवतात. मातीच्या गाऱ्यातल्या घराला भूकंपात एकत्र धरून ठेवणारी गोष्ट ही. खिडक्या लहान आणि कोपऱ्यापासून दूर ठेवायच्या तेही त्याचसाठी. त्यामुळे 'जरा मोठी खिडकी ठेवा, उजेड येईल' अशा सूचना पाहुण्यांनी देऊ नयेत ही विनंती. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पश्चिम नेपाळात जाजरकोटला धक्का बसला तेव्हा दीडशेहून जास्त माणसं गेली. भूकंप २०१५ च्या मानाने खूपच लहान होता, पण घरं तीच, पट्टे नसलेली दगडमातीची.

एक प्रश्न ताईंना. पट्ट्याचं काँक्रीट तुम्ही होतात तेव्हाच पडलं का? त्याला पाणी कोणी मारलं?

वाटसरू

ताई, मक्याचं वाचून मी आमच्या गटाला तुमचा प्रतिसाद तसाच्या तसा पाठवला. हिशेबी, तुमचा मुद्दाही आम्ही चर्चेला घेतला आणि साहित्याची रक्कम वाढवायचं ठरवलंय. आता दोन गोष्टी विचारते. संस्था बरी आहे की नाही हे कशावरून ओळखायचं? आणि आमच्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्यांनी शरीराची काय तयारी करावी?

दगडमाती

ओळंबा, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी दारावरचा पट्टा ओतला. सगळं गाव, आम्ही, शाळेतून परतलेली मुलं अशी रांग लावून घमेली वर गेली, कारण मधे थांबलं तर सांधा कच्चा राहतो. आम्हाला वाटलं, झालं, मोठं काम पार पडलं. पण त्या पट्ट्याला पुढे कित्येक दिवस ओलं ठेवणं हे खरं काम होतं, आणि ते दिदीने केलं. खालच्या धाऱ्यावरून, म्हणजे पाणवठ्यावरून, घागरी भरून, वर गोणपाट पसरून, सकाळ-संध्याकाळ. आम्ही तिथे नव्हतो. त्या घराच्या बळकटीत माझ्या श्रमांपेक्षा तिच्या त्या घागरींचा वाटा मोठा आहे, आणि मी कुठेही या घराबद्दल बोलते तेव्हा हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

वाटसरू, संस्थेला हे विचारा. गवंडी स्थानिक आहेत का, आणि त्यांना पूर्ण मजुरी मिळते का? कुटुंब कसं निवडलं, आणि घराचा आराखडा ठरताना त्या घरातल्या बाईशी कोण बोललं? तुम्ही परतल्यावर पुढचं बांधकाम आणि पाणी मारणं कुणाच्या देखरेखीखाली? कुटुंबाचा स्वतःचा सहभाग किती? हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था मिलार्ड आणि लिंडा फुलर यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू केली तेव्हापासून त्यांचा आग्रह आहे की ज्याचं घर त्याने स्वतःही राबायचं. मला तो पटतो. दिदी आणि आमा आमच्याबरोबर ढिगारा उपसत होत्या म्हणून कुठला दगड जुन्या घराच्या उंबऱ्याचा हे त्या सांगू शकल्या, आणि दाइंनी तो नव्या उंबऱ्याला लावला. ज्या संस्थेला यातलं काही विचारलेलं आवडत नाही, तिच्याबरोबर जाऊ नका.

शरीराचं म्हणाल तर आतापासून रोज जिने चढा, आणि उतरा. उतरण्याचा सराव जास्त करा. पाठ सरळ ठेवून गुडघ्यात वाकून उचलायची सवय लावा, सुरुवातीला पाण्याची बादली पुरे. दगड दोघांनी उचलायचा असेल तर कोण 'सोड' म्हणणार हे आधीच ठरवा, बोटं त्यातच चेमटतात. मनगट किंवा कंबर आधीच दुखत असेल तर निवडीचं, माती मळायचं, पाणी पुरवायचं काम घ्या, ते कमी महत्त्वाचं नाही. जाड चामडी हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट इथूनच घेऊन घरात वापरून मऊ करा. धनुर्वाताची लस झालेली नसेल तर निघण्याच्या पुरेशी आधी घ्या. आपल्याला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, पण स्वयंसेवकाचं काम करण्याबद्दल तिथले नियम काय आहेत ते संस्थेकडून लेखी मागून घ्या.

गटातल्या कुणाला सांध्यांचा जुना त्रास असेल तर मला इथेच व्यक्तिगत निरोप पाठवा, कोणते व्यायाम करायचे ते लिहून देईन.