सीटी स्वच्छ, मग दुर्बीण कशाला?

वर विचारलंय, की वडिलांना जठराचा कॅन्सर आहे, सीटीत पसरलेला दिसत नाही, तरी सर्जन केमोआधी 'दुर्बिणीने पोट बघू' म्हणतात. बिल वाढवायचा प्रकार नाही ना?

नाही हो. आधी शब्दाचा घोळ: तोंडातून घालतात ती एंडोस्कोपी, ती झालीच असेल. ही लॅप्रोस्कोपी. पूर्ण भूल देऊन, बेंबीजवळ सेंटीमीटरभर छेद घेऊन पोटाच्या पोकळीत कॅमेरा घालतात.

कारण असं, की जठराचा कॅन्सर भिंत भेदून बाहेर आला की पेशी पोटाच्या अस्तरावर सांडतात. तिथे रव्याच्या कणांएवढे पांढरे दाणे धरतात. पाच मिलीमीटरहून लहान दाणे सीटीत बहुधा सुटतातच. माझ्या काकांचंही सीटी असंच स्वच्छ होतं. कॅमेऱ्यात मात्र डायफ्रामच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) खालच्या बाजूला चार-पाच दाणे दिसले, तुकडा तपासला, तोच निघाला. जठर काढायचं मोठं ऑपरेशन टळलं, थेट केमो सुरू झाली. वाईट वाटलं, पण उगाच पोट फाडून परत शिवणं तरी वाचलं.

एक मात्र आवर्जून विचारा: पोटात सलाइन सोडून ते धुवण पेशींसाठी तपासायला पाठवणार का? डोळ्यांना काहीच दिसलं नाही आणि धुवणात कॅन्सरपेशी सापडल्या, तरी तो चौथा टप्पाच धरतात.

अगदी सुरुवातीच्या, वरवरच्या गाठीला याची गरज नसते. वडिलांच्या रिपोर्टात टी३ किंवा टी४ (म्हणजे गाठ जठराच्या भिंतीत खोलवर गेलेली) लिहिलंय का, तेवढं बघून सांगा.