गप्प बसून नाती टिकत नाहीत

नातेवाइकांच्या ग्रुपवर राजकारणाचं काही आलं की गप्प बसावं, नाती जपावीत, असं बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

१ जुलै २०१८, राईनपाडा, धुळे जिल्हा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय, या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अफवेवर जमावाने ५ जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी ५ ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण तेव्हा एका ग्रुपात २५६ जण मावायचे, म्हणजे ५ ग्रुपांत हजारावर माणसं! आणि मेसेज मावशीकडून, शेजाऱ्याकडून आलेला असतो, म्हणून तर तो खरा वाटतो.

मी आता सगळ्यांसमोरच विचारते, "काका, हे कुठून आलं?" त्यावरून दोनदा अबोला झाला. यंदा दिवाळीत एका घरचं फराळाचं बोलावणं आलं नाही, त्याचं फार वाईट वाटलं. तरी विचारणार. त्याच ग्रुपात माझी १४ वर्षांची भाची आहे, ती सगळं वाचते.