मदत हवी आहे: सायकलला स्वस्तातलं टू-स्ट्रोक किट बसवू की जास्त पैसे घालून फोर-स्ट्रोक इंजिन घेऊ?

नमस्कार मंडळी,

सायकलला इंजिन बसवायचं पक्कं केलंय, पण कुठलं बसवायचं यावर घोडं अडलंय. रोज कामावर जाणं-येणं तिच्यावरच करणार आहे, वाटेत एक बऱ्यापैकी चढ आहे. सायकल स्टीलच्या फ्रेमची, 26 इंची चाकांची, पुढे-मागे व्ही-ब्रेक. ताशी 30-35 किमी मिळाले तरी मला भरपूर. मात्र सकाळी निघालो की ती पोचवेलच, एवढा भरवसा हवा.

पहिला पर्याय म्हणजे सगळीकडे मिळणारं चिनी टू-स्ट्रोक किट. '80 सीसी' म्हणून विकतात, पण बोअर (सिलिंडरचा व्यास) 47 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 38 मिमी धरला तर जेमतेम 66 सीसी भरतात. ताकद तरीही पुरेशी आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. टाकी, क्लच, चेन, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) सगळं एकाच खोक्यात येतं. दुसरा पर्याय होंडाचं जीएक्सएच50, 49.4 सीसी फोर-स्ट्रोक. ते नुसतं इंजिन. सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा), रिडक्शन (फिरण्याचा वेग कमी करून जोर वाढवणारा गिअर), माउंटिंग प्लेट हे सगळं वेगळं जमवायचं, म्हणजे खर्च कितीतरी जास्त.

ओळखीच्या एकाचं स्वस्तातलं किट मध्यंतरी उघडून बघायला मिळालं. सिलिंडर उतरवला तर ट्रान्स्फर पोर्टच्या (सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण सोडणाऱ्या भोकाच्या) कडेला ओतकामाचा पापुद्रा तसाच राहिलेला, नख लावलं की हलत होता. तो सुटून पिस्टनच्या वाटेत आला असता तर सिलिंडरला ओरखडे ठरलेले. पण पिस्टन, रिंग, बेअरिंग ठीक होतं. गाडी बंद पडली होती ती बाहेरच्या गोष्टींमुळे: इंजिन फ्रेमला धरणारा एक स्टड (आटे पाडलेली सळई) मुळाशी तुटलेला, सायलेन्सरच्या स्टडचे आटे गेलेले. मागचं स्प्रॉकेट रबराच्या चकत्यांमध्ये धरून आऱ्यांवर आवळलेलं आणि किंचित तिरकं, त्यामुळे चाक फिरवलं की चेन एका जागी ताठ, अर्ध्या फेऱ्यात ढिली.

म्हणून मला मुळात हे विचारायचंय: या किटचं इंजिनच हलक्या दर्जाचं आहे, की त्याच्यासोबत येणारं सामान? सामानच हलक्या दर्जाचं असेल तर स्वस्त इंजिन घेऊन पोर्टच्या कडा आधी घासून साफ करीन, सगळे स्टड चांगल्या पोलादाचे टाकीन, प्लग एनजीकेचा बी6एचएस लावीन आणि स्प्रॉकेट आऱ्यांवर न ठेवता हबला पकडणारं अॅडॉप्टर घेईन. वाचलेले पैसे ब्रेक आणि मागच्या चाकाच्या मजबुतीवर घालीन. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, त्यामुळे ब्रेकवरचा खर्च मला इंजिनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पण इंजिनातल्या क्रँकचं बॅलन्सिंगच कच्चं असेल, तर चांगला स्टडसुद्धा थरथरीने कधीतरी तुटणारच. मग ही सगळी खटपट कशाला?

मन होंडाकडे झुकतंय, हे खरं. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायची कटकट नाही (टू-स्ट्रोकला सुरुवातीला 16:1 सांगतात, म्हणजे लिटरमागे साठेक मिली), धूर नाही, आवाज बेताचा. शिवाय रोज वापरायच्या वस्तूत विश्वासाला मी पैशापेक्षा जास्त किंमत देतो. अडचण रुंदीची आहे. इंजिन आणि रिडक्शन मिळून इतकं बाहेर येतं की साधे पॅडल फिरतच नाहीत, पॅडलचा रुंद क्रँक घालावा लागतो. पॅडल नीट मारता आलं नाही तर बंद पडल्यावर ती सायकल राहत नाही, ढकलायचं ओझं होतं.

तिसरा मार्गही दिसतोय: हुआशेंगचं 142एफ, तेही 49 सीसी फोर-स्ट्रोकच आणि होंडापेक्षा बरंच स्वस्त. हे रोजच्या वापराला टिकतं का? इकडचेही पैसे गेले आणि तिकडचा भरवसाही नाही, असं नको व्हायला.

ज्यांनी यातलं काहीही एखादा पावसाळा-हिवाळा धरून रोज चालवलंय, त्यांनी कृपया सांगा: आधी काय गेलं, इंजिनाच्या आतलं की बाहेरचं? चढावर सेंट्रिफ्यूगल क्लच तापून घसरतो का? आणि फोर-स्ट्रोक बसवलेल्यांनी दोन पॅडलमधलं अंतर मोजून कळवलं तर फार उपकार होतील. तो आकडा मिळाल्याशिवाय मला होंडाची ऑर्डर देता येत नाहीये.